निर्जंतुक खोलीतला होकार

"चपला बाहेर!"

मी दचकले. केळी संशोधन संस्थेच्या दारात एक उंच, किडकिडीत माणूस हात आडवा धरून उभा होता. रात्रभर पाऊस झालेला, आणि कंपालाची सगळी तांबडी माती माझ्याच पायांना चिकटलेली.

"वॉचमनदादा, मी विद्यापीठातून आलेय. जैवतंत्रज्ञान, शेवटचं वर्ष."

"छान. तुम्हाला मीच शिकवणार आहे," तो हसला. "पण चपला बाहेर."

पहिल्याच दिवशी अशी फजिती! त्याचं नाव ओचेन. उत्तरेकडचा, नाचणीवर वाढलेला.

"केळं न खाणारा माणूस मला केळी शिकवणार?" मी एकदा चिडवलंच.

"तुम्ही बागांडा लोक ती खाऊन संपवता, नानसिकोम्बी. कुणीतरी वाढवायला नकोत?"

विद्यापीठात आम्ही हे शास्त्र फळ्यावरच शिकलो होतो. तिथे ना निर्जंतुक खोली, ना यंत्रं. संस्थेनं दार उघडलं, म्हणून आमच्या हातात पहिल्यांदा सुरी आली. केळीचा इवलासा कोंब कापायचा, बाटलीत लावायचा... आणि बाटल्या उघड्या असेपर्यंत तोंडावरची पट्टी काढायची नाही. श्वासासरशी बुरशी आत जाते. म्हणून आम्ही डोळ्यांनीच बोलायचो. तो नुसता बघायचा, आणि माझा कोंब हमखास वाकडा कापला जायचा!

एका दुपारी त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. पट्टी ओढून हनुवटीवर आणली.

"नानसिकोम्बी... माझ्याशी लग्न करशील?"

मी भुवया उचलल्या असत्या तरी भागलं असतं. आमच्याकडे होकार तसाच देतात. पण मला तो शब्द मोठ्यानं म्हणायचा होता. मीही पट्टी काढली.

"हो... हो, वेड्या, हो!"

आणि उघड्या बाटल्यांवर वाकून आम्ही दोघं खळखळून हसलो.

आठवड्यात प्रत्येक बाटलीत पांढरी बुरशी फुलली. मर रोगानं बागा बसलेल्या खेड्यांसाठी राखलेलं ते निरोगी बियाणं होतं. सगळं टाकून द्यावं लागलं. मला रडूसुद्धा फुटेना.

"उघड्या बाटल्यांवर बोललो मी," ओचेननं संचालिकाबाईंना, डॉक्टर बिरुंगींना सांगितलं.

"मीही बोलले!"

"तू गप्प बस, पोरी." बाईंचा आवाज थकलेला होता. "विद्यार्थिनीची चूक म्हटली, तर संस्थेचं मंडळ उद्याच विद्यापीठाला दार बंद करील. तुझ्या मागून येणाऱ्या मुलांनी कुठं शिकायचं? चूक नोकराची ठरली, तर फक्त नोकर जातो."

ओचेननं मान खाली घातली. त्याची नोकरी गेली.

उत्तरेकडे जाणाऱ्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता, मी खाली दाराशी उभी. आमच्याकडच्या बसगाड्या भरल्याशिवाय सुटत नाहीत. एकच जागा उरली होती, त्याच्या शेजारची.

"बापाच्या शेतात नाचणी पेरीन," तो म्हणाला.

परमुलखातल्या, बिननोकरीच्या माणसाला माझे बाबा उंबऱ्यावरही उभं करणार नव्हते. आज गेला तो कायमचाच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी येते तुझ्याबरोबर."

"आणि मंडळ? म्हणेल, बघा, या पोरांवर भरवसाच ठेवता येत नाही."

"मंडळ गेलं खड्ड्यात!"

"मग... बस ना." त्यानं शेजारची जागा थोपटली. डोळे डबडबलेले.

मी पायरीवर पाय ठेवला. मला तो हवा होता, दुसरं काही नको होतं. पण सोमवारी खालच्या वर्गातल्या मुली पहिल्यांदा संस्थेत येणार होत्या. ओचेन नसल्यानं आता माझ्याच हाताखाली शिकणार होत्या. फळ्यावर काढलेल्या केळीपलीकडे त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

"ओचेन, माझं तुझ्यावर..."

"माहीत आहे गं."

मागून एक जाडजूड बाई बगलेत कोंबडी घेऊन धापा टाकत आली.

"अगं ए मुली, बसतेस का? नाहीतर सरक तरी!"

मी सरकले.