नववा मोकळा न्हाय

खंडेनवमीच्या सकाळी लाल प्लास्टिकच्या टोप्यांची पिशवी हातात घेऊन मी लिफ्टनं वर जात होते, आणि खरं सांगते, स्वारी अगदी खुशीत होती. आमच्या अकरा मजली टॉवरमधल्या प्रत्येक ऑफिसात त्या दिवशी पूजा असते. कोणी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालतं, कोणी झेरॉक्सच्या मशीनला कुंकू लावतं, आणि नवव्या मजल्यावरचे लोक तर निखाऱ्यावर ऊद घालून अख्खा मजला धुरकटून टाकतात. गेल्या वर्षी त्या उदानं छतावरचे धुराचे सेन्सर जागे झाले, भोंगे वाजले, अकरा मजले जिन्यानं खाली आले आणि सगळ्यांनी मिळून माझा उद्धार केला. म्हणून यंदा मी शहाणपणा केला. नवव्यावरच्या सगळ्या सेन्सरना टोप्या चढवल्या. पूजा आटोपली की काढायच्या, दहा मिनिटांचं काम.

मी संयोगिता, गडमुडशिंगीची. या टॉवरची फायर सेफ्टी माझ्याकडे आहे. तळमजल्यावरची पॅनल रूम हे माझं राज्य. एका भिंतीवर आगीचं पॅनल, शेजारी अकरा दिव्यांची टेलिफोनची पेटी, मागच्या दाराबाहेर पाण्याचे पंप. जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक लाल फोन आहे. तो उचलला की इथे त्या मजल्याचा दिवा लागतो. आमच्याकडे पाहुणे आले की लोक त्यांना अंबाबाईला नेतात, मी आधी माझे पंप दाखवते. आई म्हणते, ही पोर लग्नात सप्तपदीच्या होमालासुद्धा पाण्याची बादली शेजारी ठेवून बसेल. बसेनच.

हे सगळं मला शिकवलं पिराजी आण्णांनी. इथले जुने फायरमन, उचगावचे, साठीला आलेले, श्वास घेताना नाकातून बारीक शिट्टी वाजायची. इमारत रिकामी झाली की आण्णा वरून सुरुवात करायचे. प्रत्येक मजला फिरायचे, संडास, स्टोअर, कपाटांच्या मागे, सगळीकडे बघायचे, मग जिन्यातला लाल फोन उचलून मला सांगायचे, “अकरावा मोकळा.” मग दहावा, मग नववा. मी एकदा म्हटलं, आण्णा, नुसती बाहेर माणसं मोजून काम होत नाही का? ते म्हणाले, “माणूस खोटं बोलतंय पोरी. मजला खोटं बोलत न्हाय.”

दोन वर्षांपूर्वीच्या फायर ड्रिलमध्ये आण्णांनी सातवा मोकळा म्हणून सांगितलं आणि सहाव्याचा दिवा लागला, पण आवाज आलाच नाही. सहाव्यावर कॅन्टीन आहे. मला वाटलं, बसले असतील चहाला. बाहेरची मोजणी पूर्ण होती, कारण आम्हा दोघांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. चाळीस मिनिटांनी एका शिपायाला ते सहाव्याच्या जिन्यात भिंतीला टेकून बसलेले सापडले. हृदय बंद पडलं होतं, फोनचा रिसीव्हर वायरीवर लोंबकळत होता. त्या चाळीस मिनिटांत मी काय करत होते? आकडे जुळले म्हणून खूश होत होते. तेव्हापासून माझी एकच धास्ती आहे, माझ्या ड्रिलमध्ये पुन्हा माणूस आत राहायला नको.

आणि तरी मी त्यांची पद्धत सोडून दिली. सहाव्या मजल्यावरून एकटीनं खाली यायला माझे पायच धजेनात. त्याऐवजी नवी रीत सुरू केली. पार्किंगमध्ये मजल्यागणिक रांग, प्रत्येक मजल्याला एक प्रमुख, तो नाव पुकारणार, माणूस ‘हाय’ म्हणणार, टिक. लाल फोन धूळ खात पडले. नवव्याचा तर मोडलाच होता. गणपतीच्या आधीपासून तो काढून मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

ड्रिल त्याच दिवशी दुपारी साडेतीनला. ऑफिसं भरलेली आणि कामात लक्ष कोणाचंच नाही, लोकांना बाहेर काढायला याहून चांगला दिवस नाही.

बटण दाबताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो, आनंदाचा. भोंगे उठले. लिफ्ट आपोआप तळाला येऊन थांबल्या. जिन्यातले पंखे घोंघावत सुरू झाले. मग पायऱ्यांवरून पावलांचा लोंढा! हसणं, ओरडणं, कोणीतरी प्रसादाचा पेढा खातच चाललेलं. वॉकीटॉकीवर एकेक मजला येऊ लागला. तिसरा पूर्ण. सहावा पूर्ण. शेवटी नवव्याचा प्रमुख कृष्णात ओरडला, “मॅडम, नववा पूर्ण! बासष्टपैकी बासष्ट!” सहा मिनिटं चाळीस सेकंद. आमच्या टॉवरचा विक्रम. मी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली. भोंगे बंद केले.

आणि त्या शांततेत टेलिफोनच्या पेटीवर दिवा लागला. अकरावा.

कोणी मागे राहिलं की काय, म्हणून मी रिसीव्हर उचलला. पलीकडे कोणीतरी धापा टाकत होतं.

“अकरावा मोकळा.”

“कोण बोलतंय?” मी विचारलं. दिवा विझला. मिनिटभरानं पुढचा लागला.

“दहावा मोकळा.”

या वेळी मी नीट ऐकलं. श्वासामागे एक बारीक शिट्टी होती. भर दुपार होती, काचेतून पार्किंगमधली गर्दी दिसत होती, दारावर सकाळचं झेंडूचं तोरण होतं, आणि मी रिसीव्हर कानावर घट्ट दाबून धरला होता. रिसीव्हरमधून उदाचा वास येत होता. उदाचा आणि त्याखाली जळक्या कागदाचा.

मग नवव्याचा दिवा लागला.

मी डाव्या हातानं ड्रॉवर ओढला. नवव्याचा फोन तिथेच होता, वायर गुंडाळून ठेवलेला, जसाच्या तसा.

“नववा...” तो आवाज थांबला. शिट्टी वाजत राहिली. “नववा मोकळा न्हाय.”

“आण्णा?”

“रेकॉर्डच्या खोलीत... पोरगी हाय. धूर हाय...” आणि मग, मी काही विसरले की ते विचारायचे अगदी त्याच स्वरात, “टोप्या काढल्यास का पोरी?”

टोप्या. दहा मिनिटांचं काम. ड्रिलच्या गडबडीत मी साफ विसरले होते. नववा मजला सकाळपासून आंधळा होता, आणि माझं पॅनल हिरवंगार, निवांत.

रिसीव्हर टेबलावर तसाच टाकून मी वॉकी उचलला. “कृष्णात, नवव्याची सगळी माणसं डोळ्यांनी बघितलीस?”

“बघायचं काय त्यात? सगळ्यांनी हाय म्हटलंय की!”

“फायर ब्रिगेडला फोन लाव. ॲम्ब्युलन्सपण बोलाव. खरी आग हाय. आणि दोन गडी घेऊन वर ये.”

मी पळाले. मला भीती वाटली नाही असं कोण म्हणेल? पण त्या भीतीत एक कैफ होता. आज माहीत होतं कुठे जायचं, आज चाळीस मिनिटं वाया जाणार नव्हती. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याच्या जिन्यात दोन वर्षांनी पाय टाकला. तिथला लाल फोन हुकावरून निघाला होता आणि वायरीवर हळूहळू हलत होता. मी थांबले नाही.

नवव्यावर वरवर पाहता काहीच झालेलं नव्हतं. यूपीएसला हार, टेबलावर केळी आणि पेढे. फक्त रेकॉर्डरूमच्या दाराखालून करडा धूर पसरत होता. पूजेचं धुपाटणं कोणीतरी निखाऱ्यासकट आत नेऊन ठेवलं होतं, पायात येऊ नये म्हणून. मी उलट्या हातानं दार चाचपलं. कोमट. पिण्याच्या पाण्याच्या जारखाली ओढणी भिजवली, तोंडाला बांधली आणि रांगत आत शिरले. कागदाचे गठ्ठे आतल्या आत धुमसत होते, ज्वाळा नव्हत्या, म्हणून छतावरचे पाण्याचे फवारेही उडाले नव्हते. काही दिसत नव्हतं. मी हात फिरवत, कपाटांच्या मागे जात राहिले.

हाताला पाऊल लागलं. अनवाणी.

नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणारी नवव्यावर एकच होती, स्वप्नाली. नऊ दिवसांचा उपास, डोकं धरलं म्हणून पुठ्ठा अंथरून आडवी झाली होती, आणि धुरानं झोपेतच तिची शुद्ध गेली होती. दोन्ही बगलांत हात घालून मी तिला ओढत बाहेर काढली, दार लावलं, जिन्यापर्यंत नेली. आठव्याच्या वळणावर कृष्णात आणि दोघंजण भेटले. त्यांनी तिला उचलली. खाली ॲम्ब्युलन्समध्ये तिनं खोकून डोळे उघडले, आणि मी भर पार्किंगमध्ये मोठ्यानं रडले. जगली! पोरगी जगली!

वर ब्रिगेडची माणसं पाणी मारत होती तेव्हा मी पॅनल रूममध्ये परत आले. रिसीव्हर टेबलावर पडलेला होता. कानाला लावला.

“नववा मोकळा,” आण्णा म्हणाले. मग पावलं, पायऱ्या, शिट्टी. “आठवा मोकळा... सातवा मोकळा...”

आणि पुढे काही नाही. सहाव्याचा दिवा मात्र लागलेला.

“आण्णा, खाली या की,” मी म्हटलं. “सगळी बाहेर हायत. तुम्ही पण या.” मग दिवा विझला.

आता तुम्ही म्हणाल, भूत असलं तरी भलं आहे. मीही त्या संध्याकाळी तेच म्हणत होते. पण एक गोष्ट राहिली होती. स्वप्नाली आत होती, तर तिच्या नावाला ‘हाय’ कोण म्हणालं? हजेरी दुसऱ्यानं द्यायची सवय आपल्याला शाळेपासूनची. रांगेत तिच्या जागेशेजारी तिची मैत्रीण अनुजा होती. मी तिला फैलावर घेतलं, नको नको ते बोलले.

“माझ्या लेकराची शपथ ताई, मी न्हाय,” अनुजा म्हणाली. “मी तिलाच शोधत हुते. हाय म्हटलेलं मागनं आलं. मला वाटलं, आली ही. तिचाच आवाज हुता ओ...”

कृष्णातही तेच सांगत होता. आवाज स्वप्नालीचाच होता. नववा मजला शेवटच्या रांगेत होता, आणि त्यांच्या मागे नुसती कुंपणाची भिंत.

तेव्हापासून मी रीत बदलली. वॉचमन, सफाईवाल्या, मी, सगळ्यांची नावं यादीत आहेत. नुसतं ‘हाय’ चालत नाही. माणूस समोर उभं दिसलं तरच टिक. आणि आण्णांची पद्धत मी पुन्हा सुरू केली. वरून खाली, मजल्यामागून मजला, एकटी.

गेल्या महिन्यात ड्रिल झालं. अकरावा मोकळा, दहावा मोकळा, करत मी सातवा संपवला आणि सहाव्याच्या जिन्यात आले. खाली पार्किंगमध्ये कृष्णात वॉकीचं बटण दाबून धरून यादी वाचत होता, म्हणजे मला वर ऐकू यावं. शेवटचं नाव माझं. मी आत असते, म्हणून माझ्या नावापुढं ‘आत’ असं लिहायचं आमचं ठरलेलं.

“संयोगिताताई,” कृष्णातनं पुकारलं.

“हाय.”

तो माझा आवाज होता.

मी वॉकी तोंडाशी धरला. “कृष्णात... टिक करू नको. मी आत हाय. सहाव्यावर.”

वॉकीवर कृष्णात हसला. “काय ताई, चेष्टा करताय व्हय? माझ्या म्होरं उभ्या हाईसा की.”