शेवटच्या अंकाला आई बाहेर बसायची

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, अमावस्या लागते, वडाचं झाड लागतं. इथं त्यातलं काहीच नव्हतं. कोल्हापूर. रंकाळ्याच्या पलीकडं एका शाळेचा हॉल. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला एक रविवार, भर दुपार. बाहेर मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती.

आणि ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्या आक्काताई कांबळे भुताखेतांना मुळी मानतच नाहीत. घरात बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. कुणी अंगारे-धुपारे सांगायला आलं, तर चहासुद्धा न विचारता वाटेला लावणारी बाई.

त्यांचा धाकटा मुलगा प्रसेनजीत. घरात प्रसेन. शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करायचा आणि उरलेला सगळा जीव नाटकात.

त्याचं मंडळ एक जुनी शोकांतिका वर्षानुवर्षं करत आलंय. किल्लेदाराच्या मुलाची. लढाईवरून परतणाऱ्या मुलाला सामोरी जायला आई वेशीवर जाते आणि मुलगा नेमका मागच्या दिंडी दरवाजातून आत येतो. आई दिसत नाही. कुणीतरी कानात सांगतं, ती गेली. मुलगा विष पितो. आई धापा टाकत परत येते तेव्हा...

सगळं संपलेलं असतं.

नुसती चुकामूक. तेवढ्यावर मरण. दर प्रयोगाला बायकांचे पदर ओले व्हायचे.

किल्लेदाराचा मुलगा व्हायचा प्रसेन.

त्याच्या पहिल्या प्रयोगाला आक्काताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्रसेननं विषाचा पेला उचलला आणि ह्या ताडकन उभ्या.

"पिऊ नगंस रं बाळा! म्या हितंच हाय!"

अख्खा हॉल हसला. शोकांतिकेचा पार विचका झाला.

घरी आल्यावर प्रसेन पोट धरून हसला. म्हणाला, "आई, पुढच्या टायमाला शेवटच्या अंकाला तू भायेर बस. बघूच नगंस. पडदा पडला की मी सरळ भायेर येतो आन् तुला दावतो."

"काय दावतोस?"

"जित्ता हाय म्हणून. नाटकातलं मरण पडदा पडंपतूरच असतंय गं."

ठरलं. तेव्हापासून शेवटचा अंक सुरू झाला की आक्काताई बाहेर पायरीवर येऊन बसायच्या. पिशवीत पाण्याची बाटली आणि ओला टॉवेल. आत टाळ्या व्हायच्या. मग व्हरांड्यातून आवाज यायचा...

कर्र... कर्र... कर्र...

त्याच्या कोल्हापुरी वहाणांचा. मुद्दाम करकरणाऱ्या करून घेतलेल्या. चिकटवलेली दाढी अर्धी उचकटलेली, हनुवटीवर लाल रंग ओघळलेला. साखरेच्या पाकात कालवलेला रंग तो तोंडात धरायचा.

"आई, जित्ता हाय बघ."

"दिसतंय. तोंड पूस."

बास, एवढंच बोलणं व्हायचं. पण 'पूस' म्हणून थांबतील त्या आक्काताई कसल्या! स्वतःच त्याचं तोंड पुसायच्या. त्या टॉवेलला गोड वास यायचा. घरी जाईपर्यंत त्याला मुंग्या लागायच्या.

मग एका संध्याकाळी पन्हाळ्याहून उतरताना प्रसेनच्या गाडीला ट्रकनं उडवलं.

आक्काताई दवाखान्यात धावल्या. हातात तीच पिशवी. तीच बाटली, तोच ओला टॉवेल.

त्या आत गेल्याच नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसल्या... सवयीनं.

नातेवाईक म्हणाले, तोंड बघण्यासारखं राहिलेलं नाही, आईला दाखवू नका. त्याला पांढऱ्या कापडात बांधूनच घरी आणलं आणि तसंच नेलं. आक्काताईंनीही हट्ट धरला नाही. त्या दाराकडं बघत होत्या. जणू तो आता बाहेर येईल...

दवाखान्यातून त्याची एक वहाण मिळाली. उजव्या पायाची. डाव्या पायाची रस्त्यावर शोधली, खालच्या ओढ्यात शोधली. सापडलीच नाही.

त्यानंतर हॉलवर कुणाचंही नाटक असो, आक्काताई पिशवी घेऊन पायरीवर. लोक बाहेर पडायचे, दिवे बंद व्हायचे, मग त्या उठायच्या. घरी येऊन जेवायच्या, भांडी घासायच्या.

रडायच्या मात्र नाहीत. एकदाही रडल्या नाहीत.

थोरली मुलगी संघप्रिया नर्स आहे. रोज मरण बघणारी पोरगी. पण आईचं हे पायरीवर बसणं तिला बघवेना. भावासाठी रडावं, तर आधी आईला सावरायची चिंता. वर्ष होत आलं तशी मंडळानं प्रसेनच्या स्मरणार्थ तेच नाटक लावलं. त्याची भूमिका राजवीर नावाचा पोरगा करणार होता.

"आई, ह्या खेपेला शेवटच्या अंकालाबी आत बसायचं," संघप्रिया म्हणाली.

"म्या भायेरच बरी."

"तू त्याचं जाणं बघितलंच न्हाईस. म्हणून वाट बघत बसतीस. एकदा बघ. रड. मोकळी हो. माझ्यासाठी तरी."

लेकीला रडू फुटलं. आक्काताई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी हळूच होकारार्थी मान हलवली.

शेवटच्या अंकाची घंटा झाली तेव्हा त्या पायरीवरच होत्या. संघप्रियानं हाताला धरून उठवलं. पिशवी तिथंच राहिली. समोर यल्लाप्पाचा चहाचा गाडा होता. तो सीमेकडचा, निपाणीच्या पुढचा; आईला अव्वा म्हणणाऱ्या मुलखातला. नुकताच इथं आलेला. त्याला ना प्रसेन ठाऊक, ना अपघात.

"पिशवीकडं ध्यान ठेव बाबा," आक्काताई म्हणाल्या.

"जावा अव्वा, बिनघोर जावा."

आत अंधार झाला. अंक सुरू झाला.

राजवीरनं पेला उचलला...

आक्काताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, ओरडायला नको म्हणून. आणि डोळे गच्च मिटून घेतले. अंधारात संघप्रियाला ते दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही.

धप्पकन आवाज झाला. राजवीर पडला. किल्लेदाराच्या बायकोचा विलाप सुरू झाला.

आणि मागून, बाहेरच्या व्हरांड्यातून...

कर्र...

मग काहीच नाही.

कर्र...

पुन्हा काहीच नाही.

एकाच पायाचा आवाज. दुसरी वहाण जिथं वाजायला हवी, तिथं नुसती शांतता.

आक्काताईंनी तोंडातला बोळा काढला.

"प्रिया... त्यो आला गं."

संघप्रियानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. "आई, बस. कोण न्हाय. एवढं बघ, आता संपलंच."

"सोड मला. भायेर बसलेली दिसली न्हाय तर..."

"आई, लोक बघत्यात."

त्या थांबल्या. त्यांना तो पहिला प्रयोग आठवला. तो हशा, तो विचका. आज तर लेकराच्या नावाचा प्रयोग. त्या खाली बसल्या. डोळे मिटलेलेच होते.

कर्र...

आवाज पायरीपाशी जाऊन थांबला.

स्टेजवरची आई रडत होती, भुई बडवत होती. बाहेर काही हालचाल नव्हती. खूप वेळ नव्हती. मग पुन्हा एकदा...

कर्र...

या वेळी लांब जाणारा.

पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यात बाकीचं सगळं बुडून गेलं.

आक्काताई माणसं ढकलत बाहेर आल्या. पायरीवर कुणी नव्हतं. पिशवीचं तोंड उघडं होतं. बाटली रिकामी. टॉवेल नीट घडी घालून ठेवलेला...

ओला. लालभडक.

"अव्वा, उशीर केलासा की!" यल्लाप्पा कप विसळत म्हणाला. "तुमचा ल्योक आलता."

संघप्रिया मागून आली होती. "कोण ल्योक?"

"नाटकातला न्हवं? अर्धी दाढी लोंबत हुती. सगळं तोंड लाल. एकाच पायात वहाण."

"कुठल्या पायात?"

"डाव्या. का वो ताई?"

संघप्रिया एक पाऊल मागं सरकली. आक्काताईंनी मात्र शांतपणे विचारलं, "काय म्हणला त्यो?"

"म्हणला, माझी आई कुठाय. म्या म्हटलं, आत गेल्यात, शेवटचं बघाय. तर हितं बसला. पाणी प्याला, तोंड पुसलं. मग म्हणला..."

"काय?"

"म्हणला, आत गेली? मग तिनं माझं मरण बघितलं असंल. म्या म्हटलं, व्हय की, बघितलंच असंल." यल्लाप्पानं कप खाली ठेवला. "तोंड एवढंसं झालं अव्वा त्याचं. उठला आन् गेला."

"कुणीकडं?"

त्यानं हात केला. पन्हाळ्याच्या अंगाला.

आक्काताईंनी टॉवेल नाकाला लावला. साखरेच्या पाकाचा वास नव्हता तो...

मग वर्षभर अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्या अनवाणी रस्त्याकडं धावत सुटल्या. मैदानातली पोरं खेळायची थांबली.

"म्या न्हाय बघितलं रं! बाळा, म्या न्हाय बघितलं! डोळं झाकलं हुतं रं म्या...!"

रस्ता रिकामा होता.

नंतर सगळ्यांनी आपापलं डोकं चालवलं. राजवीर असेल म्हणावं, तर तो पडदा पडेपर्यंत दोनशे माणसांसमोर स्टेजवर निपचित पडलेला होता. शिवाय त्यानं लाल रंग तोंडात घेतलाच नव्हता. त्याला तो चिकट पाक सोसत नाही. मंडळातलं दुसरं कुणी असेल, तर अजून कुणी कबूल झालेलं नाही.

यल्लाप्पाला प्रसेनचा फोटो दाखवला. तो लगेच म्हणाला, "ह्योच की!" मग त्याला खरं काय ते सांगितलं. बिचारा गाड्याला टेकून मटकन खाली बसला. इतकंच म्हणाला, "म्या व्हय कशाला म्हणलो?"

त्यानं तेवढं म्हटलं नसतं, तर पोरगा अजून घडीभर थांबला असता का? कोण जाणे. या प्रश्नानं त्याची आजही झोप उडते.

संघप्रिया आता आईला अडवत नाही. उलट हॉलवर नाटक असलं की ड्यूटी बदलून घेते आणि शेवटच्या अंकाला आईशेजारी पायरीवर बसते. आईला आत नेलं ते आपणच, हे तिच्या मनातून जात नाही. यल्लाप्पा न मागता दोन चहा आणून ठेवतो. पिशवीत बाटली असते, नवा टॉवेल असतो आणि उजव्या पायाची वहाण असते.

जुना टॉवेल घरी तसाच ठेवलाय, न धुता. त्याला आजवर एक मुंगीसुद्धा लागलेली नाही.

आवाज पुन्हा कधी आला नाही.

परवा असंच एक नाटक संपलं. लोक गेले. शिपायानं दिवे मालवले.

"आई, चल," संघप्रिया म्हणाली. "हॉल रिकामा झाला."

"थांब गं जरा," आक्काताई दाराकडं बघत म्हणाल्या. "एवढंच सांगायचं हाय त्येला. म्या बघितलं न्हाय म्हणून."