ठोकळ्याने दुरुस्त केलेला तंबोरा

दोन झोके, एकाची दोरी किंचित आखूड.

मिरजेहून आलेला, रेडिओएवढा एक डबा.

तडकलेला भोपळा.

"दुरुस्त केलं!" असं अभिमानाने सांगणारा यंत्रमानव ठोकळ्या.

रडकुंडीला आलेली ऊर्वी.

आता तुकडे जोडू या. चांद्रवस्तीत आज संध्याकाळी ऊर्वी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर गाणार होती. तिथल्या कोरड्या हवेत तंबोऱ्याचा भोपळा तडकला, म्हणून साथीला होता तिच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, विमलमावशीने बनवलेला विजेवरचा तंबोरा. तोच तो डबा. पण आज तो नुसता भुणभुणत होता. सूर बरोबर, तरी ऊर्वीचा गळा काही केल्या त्यात मिसळेना.

"आबा, मी नाही गाणार. हा डबा मेलाय!"

आबा ध्वनिशास्त्रज्ञ. त्यांनी कान लावला आणि वळून विचारलं, "ठोकळ्या, हात कुणी लावला याला?"

"मी, आबासाहेब! आत दोन स्वरजनक (विजेच्या कंपनांतून सूर काढणारे भाग) आहेत. एकाची वारंवारिता (दर सेकंदाला होणारी कंपनं) १३०, दुसऱ्याची १३१. मी दोन्ही १३० केल्या. चूक शिल्लकच ठेवली नाही!"

"मोठा शहाणा! ऊर्वे, चल झोक्यावर."

दोघांनी एकदमच झोके सोडले. चंद्रावर झोके संथ जातात, त्यामुळे नीट दिसलं. आधी दोघं बरोबर होती. मग आखूड दोरीवरचे आबा हळूहळू पुढे सरकले. ऊर्वी मागे असताना आबा पुढे! आणि थोड्या वेळाने पुन्हा दोघं बरोबर.

"आवाजाच्या लाटाही अशाच," आबा म्हणाले. "जुळल्या की आवाज फुगतो, उलट झाल्या की ओसरतो. या चढउताराला विस्पंद म्हणतात. फरक एका कंपनाचा, म्हणून सेकंदाला एकदा फुगणार."

"आणि दोन्ही सारखे केले तर..." ऊर्वीने पाय टेकले. "फुगणारच नाही! सपाट!"

"बरोब्बर. मावशीने तो फरक मुद्दाम ठेवला होता. शाळेत विज्ञान शिकवायची बिचारी. तिला कुणी संगीतकार म्हटलं नाही, शास्त्रज्ञही नाही."

ठोकळ्याने आपल्या गळ्याला हात लावला. "आबासाहेब, मी स्वतःला तपासलं. माझ्या गळ्यातही दोन स्वरजनक आहेत. किंचित वेगळे."

"असणारच. तुम्हा सगळ्या यंत्रमानवांचे गळे मावशीच्याच युक्तीने बनवलेत. नाहीतर डब्यात कोंडलेल्या माशीसारखा बोलला असतास."

"म्हणजे मी बिघडलेला आहे?"

"नाही रे वेड्या, गोड आहेस," ऊर्वी हसली आणि तिने स्वतःच डब्याची खुंटी फिरवली. किंचित. अजून किंचित. आवाज श्वास घेतल्यासारखा फुगला, ओसरला. तिने सा लावला, आणि या वेळी तो अलगद आत जाऊन बसला.

संध्याकाळी ती गायली. लोक उठेनात. ठोकळ्या मात्र तिच्या कानाशी लागला होता, "तीन स्वरजनक ठेवले तर?"

"उद्या करून बघू!"

हा डबा १९७२ साली एका विज्ञान-प्रदर्शनात ठेवला होता, तेव्हा परीक्षकांनी शेरा दिला होता: यंत्र सदोष, दोन सूर जुळत नाहीत.