नऊ नंबरचा चार्ज

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मंगळवारी, भर दुपारी चार वाजता, आमच्या मागच्या खोलीत. भुतं रात्रीच येतात असं सांगणारा कोण शहाणा होता, त्याला एकदा भेटायचंय मला!

बाबांची आत्या. वय एकशे एक. लष्करात नर्स होती, म्हणून सगळे तिला कॅप्टन आजी म्हणायचे. मी लग्न केलं नाही, मग तिचं सगळं करणं आलंच माझ्या गळ्यात. कुरकुर करायचे, पण जीव होता माझा तिच्यावर.

रोज चारला उठून बसायची.

"माझी बदली आली का गं?"

लढाईच्या दिवसांत तिची ड्यूटी चारला संपायची. पुढची नर्स येऊन "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत वॉर्ड सोडायचा नाही, हा नियम. एकदा घरून पत्र आलं म्हणून ही दहा मिनिटं आधीच निघाली. नऊ नंबरचा जखमी पोरगा म्हणाला, "सिस्टर, थांबा ना."

"आलेच," म्हणाली.

तेवढ्यात तो गेला. एकटाच.

त्यानंतर ऐंशी वर्षं ही बाई नीट झोपली नाही.

शेवटी तर तिने अन्नही सोडलं. डॉक्टर म्हणाले, "जीव कशात अडकलाय कोण जाणे." मला ठाऊक होतं. तिचे हाल बघवत नव्हते.

त्या मंगळवारी... समोरच्या माझ्या रिकाम्या कॉटवरून कुणीतरी खोकलं.

कोवळा आवाज. मिसरूडही न फुटलेल्या पोराचा.

आजीने मान वळवली. "आहे रे बाळा, इथंच आहे."

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. रस्ताही गप्प. मग... कॉट करकरली.

मी दाराकडे सरकले. पण आजीचा चेहरा बघितला आणि तोंडून निघून गेलं, "आजी, चार्ज घेतला मी. तू जा आता."

"नक्की? बघशील ना त्याला?"

"बघते गं."

लहान मुलीसारखी रडली. माझा हात घट्ट दाबला. आणि गेली.

आठ महिने झाले. भाऊ म्हणतो, घर विक, माझ्याकडे ये. कशी जाऊ? रोज चारला तो खोकतो. मी खुर्ची ओढून शेजारी बसते. त्रास काही देत नाही बिचारा. फक्त विचारतो...

"सिस्टर, तुम्ही नाही ना जाणार?"

मी चौपन्न वर्षांची आहे. माझ्यामागे कुणी नाही. मरणाची भीती नाही हो वाटत... पण मी गेल्यावर त्याच्यापाशी कोण बसेल?