गंगेतली म्हैस

आखाडातल्या शेवटच्या मंगळवारी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, नदीतल्या बेटावर देवीला नैवेद्य पोचवायचा आणि तिथल्या बाभळीला हिरवा खण बांधायचा, एवढ्यासाठी तुळजाबाई, तिचा भाऊ आणि भाचा अशी तिघं निघाली होती. ऐकायला एवढंसंच; पण तुळजाबाईला ते जिवाएवढं होतं.

गोदावरीला गंगाच म्हणणारं, घनसावंगीकडचं हे गाव. बेटावर खण फडकल्याशिवाय इथं कुणी आखाडाचं तळण तोंडात घालत नाही. हा मान तुळजाबाईच्या माहेरचा. माहेरवाशिणीनं नैवेद्य स्वतः न्यायचा, कोरडा न्यायचा. सव्वीस आखाड तिनं तो नेला होता. एकदा खाडा पडला, की मान रामरावांच्या घराकडं जाणार, असा रिवाज. आणि यंदा, एकोणीसशे शहाण्णव साली, गावची होडी तळातून फुटलेली! तीन दिवस पश्चिमेचा वारा असा सुटलेला, की काठावर उभ्या बाईचा पदर खांद्यावर ठरत नव्हता.

"औंदा ऱ्हाऊ दे की बाई," घाटावर बसलेले रामराव म्हणाले. "सेहेचाळिशीत गुडघे वाजतेत. आमची सून नेईल फुडल्या सालापासून."

"तुमची सून चुलीवरचं पातेलं उतरायला माणसाला हाका मारती, रामराव!"

घाट हसला. रामरावांनी तंबाखूकडं लक्ष दिलं.

तुळजाबाईचा भाचा जगन्नाथ जहाजावर खलाशी होता. सुट्टीवर येताना त्यानं परदेशातून आठ फुटी फळी आणली होती, लाटेवर उभं राहून घसरत जायची. जीपच्या टपावरून ती गावात आली तेव्हा कुणी तिला दार म्हणालं, कुणी इस्तरीचं टेबल.

"आत्या, हिच्यावरनं जाऊ. बिलकुल भ्यायचं न्हाई. मी सात समिंदराच्या लाटा बघून आलोय."

"समिंदराच्या बघितल्या असशील. ही गंगा हाय."

तिचा भाऊ मच्छिंद्र, जगन्नाथचा बाप, मोटेचा नाडा, तो जाड दोर, घेऊन काठावर ठाम उभा राहिला. नाड्याचं दुसरं टोक त्यानं जगन्नाथच्या कमरेला करकचून बांधलं. लेकाच्या काळजीत बाप एक गोष्ट विसरला, आणि ती कुणाच्याच ध्यानात आली नाही.

गूळ-कणकेच्या, तिळाच्या कापण्यांचा डबा आणि हिरवा खण मेणकापडात गुंडाळून तुळजाबाईनं पाठीशी बांधला. काष्टा आवळला. फळीवर पालथी पडून ती पुटपुटली,

"गंगेच्या मधी बाई, माझ्या मायेचं ठाणं,
लेकीच्या हातचं तिला, गोड लागतं खाणं."

दोघं हातांनी पाणी मारत निघाली. नदी तांबडी, फुगलेली, वाऱ्यानं अंगभर शहारलेली. बेटाच्या अलीकडं, खालच्या अंगाला, पाण्याखाली दगडाची पाळ होती. पूर चढला की तिच्यावरून उतरणारं पाणी उलटं उसळून उभं राही. रुंद, तुकतुकीत, जागची न हलणारी एकच लाट. गाव तिला म्हैस म्हणे. म्हशीत शिरलेली होडी कधी सापडली नव्हती.

निम्मी नदी सरली आणि वारा उसळला! फळी आडवी झाली. खाली, पाळीकडं ओढली जाऊ लागली.

"मागं फिरू आत्या!" जगन्नाथ ओरडला.

तेवढ्यात नाडा ताणला गेला. हिसका बसला. जगन्नाथ पाण्यात फेकला गेला! मच्छिंद्रनं नाडा ओढायला सुरुवात केली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. नाडा लेकाच्या कमरेला होता. फळीला नव्हता.

"तुळजे!"

तुळजाबाई एकटीच म्हशीकडं चालली होती.

गर्जना जवळ आली. पाण्याचा उतार दिसला. फळीनं गिरकी घेतली. तोंड प्रवाहाकडं, शेपूट म्हशीकडं. खालून म्हशीची पाठ उठली, आणि तुळजाबाईच्या तळपायांना एकदम सगळं आठवलं. अकरा वर्षांची परकरी पोर, आणि तिची कबरी म्हैस. याच नदीतून तिच्या पाठीवर उभी राहून ती पैलथडीला जाई. बाप काठावरून सांगे, जनावर हललं की गुडघा ढिला सोड, ताठलीस की पडलीस.

तिनं गुडघा टेकला. दुसरा पाय रोवला.

उभी राहिली!

फळी पुढं जाईना, मागं जाईना. खालून सारी गंगा धावत होती आणि ती मात्र एका जागी उभी होती. वारा छातीवर, पदर मागं निशाणासारखा. तुळजाबाईनं बेटाकडची टाच हळूच दाबली, कबरीला वळवताना दाबायची तशी. म्हशीनं ऐकलं! फळी पाठीवरून तिरपी सरकली, फेस फोडून गेली आणि बेटाआडच्या संथ पाण्यात अलगद टेकली.

डबा उघडला. कापण्या कोरड्या! सूर्य डोक्यावर यायच्या आत बाभळीवर हिरवा खण फडफडला, आणि काठावर हलगी वाजू लागली.

दुपारी वारा पडला. रामराव स्वतः आले, गुऱ्हाळाची मोठी काहील पाण्यात सोडून, दोन गड्यांना घेऊन. सोबत जगन्नाथ, बापानं नाड्यानं ओढून काढलेला, ओशाळलेला.

"बसा बाई. मानानं न्यायला आलोय."

"तुमच्या काहिलीत बसायला मी काय उसाचा रस हाय का?" ती म्हणाली, आणि प्रसादाची पहिली कापणी तिनं रामरावांच्याच हातावर ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली, मग खाल्ली.

"सत्ताविसावा आखाड," ते हळूच म्हणाले. "आमची सून बघून राह्यली होती काठावरून. शिकवा तिला कवा तरी."

"आधी माझा नंबर," जगन्नाथ घाईनं म्हणाला. "आत्या, पाय कसे धरायचे, बराबर दाखव."

तुळजाबाईनं फळी काखेत मारली. गुडघे खरंच वाजले. तिनं ते वाजू दिले.

"उद्या सकाळी गोठ्यावर ये," ती म्हणाली. "आधी म्हशीची धार काढ. तिच्याशी वळख झाल्याबिगर ही गंगेतली म्हैस पाठीवर घेत न्हाई."