खात्रीचा आवाज

शिरोलीच्या फौंड्रीत दुपारचा चहा चालला होता, तेव्हा फोन वाजला. दिलावर मुजावरांनी बशी खाली ठेवून तो घेतला. भट्टीवरचे ते सर्वांत जुने कारागीर. पलीकडून गोड, सभ्य आवाज आला, "समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पासाठी पंपाचा इम्पेलर हवा आहे. पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. दाब फार मोठा आहे. आपण बनवू शकाल का?"

"बघू की," दिलावरभाई म्हणाले.

फोनने आभार मानले आणि तो बंद झाला.

कोल्हापुरात कसलेला कारागीर 'बघू की' म्हणाला, तर गिऱ्हाइकाने निर्धास्त घरी जाऊन झोपावं. पण पलीकडे माणूस नव्हताच, क्षमताशोधक होता. मोठ्या प्रकल्पांना परदेशी मालावर आयातशुल्काची सवलत मिळे, मात्र तो माल इथे कुणालाच बनवता येत नाही, हे आधी ठरावं लागे. पूर्वी ते खुर्चीवरचा माणूस ठरवी, आणि खुर्चीला काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून हे यंत्र आलं. ते देशातल्या आणि परदेशातल्याही कारखान्यांना फोन करी आणि आवाजातला कंप, श्वास, दोन शब्दांमधला विराम मोजून बोलणाऱ्याला स्वतःची किती खात्री आहे ते सांगे. त्याला पाकीट देता येत नव्हतं. लोक कौतुकाने त्याला 'पंच' म्हणत.

आठवड्याभरात पंचाचा निकाल आला. इम्पेलर इथे बनत नाही, शुल्क माफ.

फौंड्रीच्या मालकीण राजमती मगदूम भडकल्या. पेट्रोलच्या गाड्यांसाठी इंजिनांचे भाग ओतण्यात त्यांची हयात गेली होती. गाड्या विजेवर गेल्या आणि इंजिनंच संपली. एक भट्टी कधीच थंड झाली होती. हे काम हातचं गेलं, तर दुसरीही विझणार होती आणि सगळी माणसं घरी बसणार होती.

"भाई, सरळ 'हो' म्हणायला काय झालं होतं?"

"अक्का, कधी ओतलेलं न्हाई, त्याला 'हो' कसं म्हणायचं? खोटं हुतंय की ते."

"बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही," असं पुटपुटत राजमतींनी अपील केलं.

अशा सगळ्या सरकारी प्रकल्पांची खरेदी पाहणारे अधिकारी निरंजन सामंत यांनी 'बघू की'चा खरा अर्थ ऐकला आणि ते मनापासून हसले. फेरतपासणी त्यांनी लगेच लावून दिली.

"साहेब, त्या परदेशी कंपनीनं एवढा मोठा इम्पेलर आधी बनवलाय का?" फेरतपासणीच्या खोलीबाहेर राजमतींनी विचारलं.

"नाही. त्यांचाही पहिलाच. पण त्यांच्या आवाजात पंचाला शंकेचा कणही सापडला नाही."

"बोललं कोण त्यांच्याकडून?"

सामंत घुटमळले. "त्यांचं उत्तर देणारं यंत्र."

राजमतींच्या मनात आलं: ज्याने जन्मात वितळलेल्या धातूचा रस पाहिला नाही, त्याला शंका येणार कुठून?

"तुम्हालाही तसा आवाज मिळेल," सामंत हळू आवाजात म्हणाले. "तुमच्याच बोलण्यातला कंप काढून देतात. नियमात मनाई नाही. मॅडम, इथला माल घ्यावा असं मलाही मनापासून वाटतं. पण शंका घेऊन आत गेलात, तर हराल."

मोह झाला, आणि चांगलाच झाला. दिलावरभाईंचा, भट्टीवरच्या प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांपुढून गेला. पण ओतीव भाग साच्यातून निघाला की दिलावरभाई त्यावर हातोडी मारून कान लावत. आवाज बद्द आला, म्हणजे आत चीर असली, की नग पुन्हा भट्टीत. त्या संशयावरच फौंड्रीचं नाव टिकलं होतं. तो आवाजातून काढून टाकला, तर उद्या हातातूनही जायचा. आणि या पंपाच्या दुसऱ्या टोकाला तहानलेली गावं होती.

त्या आत गेल्या, मागोमाग सामंतही येऊन बसले. पंचाने तोच प्रश्न विचारला.

"बनवू असं वाटतंय. खात्री नाही," राजमती म्हणाल्या. आवाज थरथरला, त्यांनी तो थरथरू दिला. "पहिले काही नग फुटतील. पण फुटका नग माझ्या दारातनं बाहेर पडणार नाही, ह्याची मात्र पुरी खात्री आहे."

पंच एरवी तत्काळ उत्तर देई. या वेळी तो थांबला.

"नग आतून फुटका आहे, हे तुम्हाला कसं कळतं?"

सामंत खुर्चीत सरळ झाले. पंचाने असा उलट प्रश्न आजवर कुणालाच विचारला नव्हता. बिनशंकेच्या उत्तरात विचारण्यासारखं काही उरतच नसे. राजमती सांगू लागल्या, पंच ऐकू लागला. सामंतांना मात्र स्वतः मंजूर केलेले पूल आठवू लागले, बोगदे आठवू लागले, धरणांचे दरवाजे आठवू लागले. तिथल्या प्रत्येक मालाला एका दमात, स्वच्छ आवाजात 'हो' म्हटलं गेलं होतं. त्यांवर हातोडी मारून कुणी कान लावला होता का?