दुमित्रूचा डी

तो मला आधी दिसला नाही, ऐकू आला. सर्व्हरच्या खोलीत केबलसाठी जमिनीला भोक पाडलं होतं. त्यातून खालच्या नकाशांच्या दालनातलं कोणीतरी विचारत होतं, "वर कोणी जिवंत आहे का?"

"आहे. थंडीनं अर्धमेली."

"मग अर्धंच लिहून घ्या, बाई."

गालात्स शहरातल्या जहाजांच्या गोदीत नुकताच लागलेला तितू तो. नकाशांसाठी आलेल्या नव्या संगणकांच्या पोटात डिस्कच नव्हती. चालू झाले की ते तारेवरून विचारायचे, मी कोण? माझ्या युनिक्स सर्व्हरवर त्यांच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक नोंदलेला असला, तरच त्यांना नाव मिळायचं; नाहीतर पडदा काळाच. तितू मागे वाकून क्रमांक वाचायचा, मी टाइप करायची. क्रमांकात आकड्यांच्या जोडीला इंग्रजी अक्षरंही असायची; ऐकण्यात घोळ नको म्हणून त्या अक्षरांना माणसांची नावं — बार्बूचा बी, दुमित्रूचा डी.

"आणि तुमचं नाव?"

"स्मारांदा."

"अरेरे... या क्रमांकांत एफच्या पुढचं अक्षरच नसतं. तुम्ही काही यात बसत नाही."

"तितू तरी कुठे बसतो?"

"मग दोघं बाहेरच बसू की."

माझे कान तापले. बरं झालं, तो खाली होता.

त्या हिवाळ्यात गोदीतले हीटर बंद, पगार बंद. नदीवरून बर्फाळ पाऊस यायचा. आणि रोज एक संगणक हटकून अडायचा... मग तितू गरम कोव्रिगी, तीळ लावलेली पावाची कडी, घेऊन वर यायचा, माझी बोटं स्वतःच्या तळव्यांत धरायचा. "दुमित्रू म्हटलं होतं मी. तू बार्बू ऐकलंस," म्हणायचा. मला ते ऐकून घ्यायला आवडायचं.

मग आमच्या दालनातल्या मारिनेस्कूंनी नदीत उडी घेतली. घरी तीन मुलं, चूल थंड.

त्याच आठवड्यात नेगोइत्सा साहेबांनी मला थांबवलं. "परदेशात, त्रिएस्तच्या गोदीत तितूला नोकरी लागलीय. सोमवारी हजर नाही झाला तर जागा गेली. इथलं काम संपल्याशिवाय मी त्याला सोडू शकत नाही, आणि त्या गाढवाचा एक संगणक काही केल्या चालू होत नाही."

तितू कोव्रिगी आणायला गेला होता. मी खाली उतरले, त्या संगणकामागे वाकले. दुमित्रूचा डी. अगदी स्पष्ट. वर येऊन तसाच नोंदवला. खालचा पडदा उजळला.

तो दारात आला तेव्हा त्याला कळलं होतं.

"तू जाऊन वाचलंस?"

"हो."

"मी चुकून नव्हतो म्हणत बार्बू."

"माहितीये."

"मग कशाला केलंस? मला इथंच राहायचंय, स्मारांदा... तुझ्यापाशी."

"मलाही तू हवायस. फार हवायस. पण मारिनेस्कूंना पाण्यातून काढलं तेव्हा मी काठावर होते, तितू. तुला तसं नाही बघायचं मला."

"मग तू चल."

"आणि आईला अंथरुणात कूस कोण बदलून देईल?"

त्यानं माझी बोटं ओठांना लावली आणि तशीच धरून ठेवली. कोव्रिगी टेबलावर गार होत गेल्या.

"साहेबांना तूच सांग," शेवटी तो म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होणार."

मी डोळे पुसले, साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की तितूचं इथलं काम संपलं.